होल-इन-द-रॉक रोड (युटा): सोपी वाट, कोरडी असेल तोवर

कोरडवाहू | १२ ऑक्टोबर

अमेरिकेतल्या युटामधल्या झायन आणि ब्राइस या नॅशनल पार्कांवर इथे पोत्याने धागे आहेत. पण तसंच पुढे हायवे १२ वर एस्कलांटे गाव लागतं, आणि तिथून निघणाऱ्या होल-इन-द-रॉक रोडवर मला मराठीत काहीच सापडलं नाही. गेल्या आठवड्यात आम्ही दोघं जाऊन आलो. गाडी आमची रोजची ऑल व्हील ड्राइव्ह क्रॉसओव्हर. जीप नाही, अडकलेली गाडी ओढायची विंच नाही, आणि मी काही ऑफरोडवाला नाही.

रस्ता गावापासून पाचेक मैलांवर हायवे सोडतो, आग्नेयेला वळतो आणि साधारण ५७ मैलांवर कोलोरॅडो नदीच्या कड्याशी संपतो. त्या कड्यातली फट म्हणजेच होल-इन-द-रॉक. नदी म्हणायची, आता तिथे लेक पॉवेल आहे. बाकी अख्खा रस्ता कच्चा. वाटेत गाव नाही, गॅस नाही, पाणी नाही आणि फोनला रेंज नाही. जाताना उजव्या हाताला स्ट्रेट क्लिफ्सची भिंत शेवटपर्यंत सोबत करते. डाव्या हाताला जमीन सपाट वाटते, पण ते सपाटपण फसवं आहे. एस्कलांटे नदीच्या सगळ्या घळी तिकडेच आहेत, फक्त गाडीत बसून दिसत नाहीत. मधल्या पट्ट्यात करडं-हिरवं सेजब्रशचं रान आणि त्यात गाई.

सकाळी आधी एस्कलांटेच्या व्हिजिटर सेंटरमध्ये गेलो. रस्त्याची आजची अवस्था काय, एवढा एकच प्रश्न विचारला. बाईंनी उलट विचारलं, "गाडी कोणती, टायर कसले, किती लांब जाणार?" मग म्हणाल्या, "डान्स हॉल रॉकपर्यंत खुशाल जा, पुढचं तिथे पोचल्यावर ठरवा." रात्री मुक्काम करणार असाल तर परवाना तिथेच फुकट मिळतो.

पहिले बारा मैल म्हणजे डेव्हिल्स गार्डनपर्यंत काहीच विशेष नाही. एन्ट्राडा वालुकाश्माचे टोपीवाले खांब आणि एक नाजूक कमान, मेटाटे आर्च. तासभर सहज जातो. त्यानंतर खडखडाट सुरू. पन्हाळी पत्र्यावरून गाडी चालवल्यासारखं. डॅशबोर्डमधले कुठले कुठले स्क्रू बोलायला लागले. बायको म्हणाली, दात पडतील. ताशी पंधरा मैलांच्या वेगाने हाडं खिळखिळी होतात, पस्तीसला गाडी उंचवट्यांच्या माथ्यांवरून तरंगत जाते आणि सगळं एकदम शांत होतं. मला ते फार आवडलं. इथेच माती खाल्ली, पण ते पुढे.

साधारण २६व्या मैलाला ड्राय फोर्कचा फाटा आहे. पीकाबू आणि स्पूकी या दोन अरुंद घळी तिथे आहेत. गर्दी सगळी इथपर्यंतच. त्यापुढे दीड तासात आम्हाला दोन गाड्या दिसल्या. ३६व्या मैलाला डान्स हॉल रॉक: निसर्गाने कोरलेला प्रचंड अर्धगोल रंगमंच, त्याच एन्ट्राडा दगडाचा. १८७९ मध्ये मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे वसाहतकरी इथे जवळच्या झऱ्यापाशी अडकून पडले होते, तेव्हा या दगडावर नाचायचे. मी टाळी वाजवून पाहिली. घुमते.

४१व्या मैलाला एका वळणावर, त्या पस्तीसच्या वेगात, मागचा डावा टायर गेला. कडेचा धारदार दगड. बाजूची भिंतच फाटली होती, त्यामुळे प्लग-किट बिनकामाचं. प्लग फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागातल्या भोकाला चालतो. स्टेपनी डिकीच्या तळाशी, म्हणून सगळं सामान रस्त्यावर. जॅक लावला तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच वाळूत खाली जायला लागला. शेवटी एक चपटा दगड शोधून त्याखाली सरकवला. पाऊण तास गेला. स्टेपनी ती बारीक, तात्पुरती. तिच्यावर ४१ मैल परत, वीसच्या वेगाने, तोंडातून शब्द न काढता. होल-इन-द-रॉक काही पाहिलं नाही.

हे सगळं झालं तरी मी याला सोपाच रस्ता म्हणेन. विचारा काय विचारायचं ते.

धुरळा | १२ ऑक्टोबर

पस्तीसला तरंगते म्हणजे काय, तर चाकाचा जमिनीशी अर्धाच संबंध उरतो. शांत वाटतं कारण चाक खड्ड्यात उतरेपर्यंत पुढचा उंचवटा आलेला असतो. तेवढ्यात वळण आलं, ब्रेक लावला, की मागची बाजू स्वतःच्या मर्जीने जाते. तुमचं टायरवरच निभावलं.

हवा किती ठेवली होती?

कोरडवाहू | १२ ऑक्टोबर

दारावरच्या चिठ्ठीत लिहिलेली. ३५ पीएसआय.

धुरळा | १२ ऑक्टोबर

मग टणक फुटबॉल घेऊनच गेला होतात. कच्चा रस्ता लागला की खाली उतरा, चारही टायर २५ च्या आसपास आणा. टायर मऊ पडतो, दगडावर आपटायच्या ऐवजी त्याला कवेत घेतो, आणि खडखडाट निम्मा होतो. लांब वाळूचा पट्टा असेल तर २० पर्यंत. पण त्या हवेवर वेगात जायचं नाही, टायर तापतो, आणि डांबरीवर येताच परत भरायची. सिगरेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप आणि एक बरा गेज, एवढंच लागतं. गेज वेगळा घ्या, पंपावरचा काटा थापा मारतो. डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा दिवसभर पेटलेला राहील, घाबरू नका.

शंकासुर | १३ ऑक्टोबर

मस्त धागा. शंका:
मुळात हे पत्र्यासारखे उंचवटे होतात कसे? ट्रॅक्टर फिरवून कोणी केलेत असं वाटतं, इतके एकसारखे.
आणि आम्ही एप्रिलमध्ये भाड्याची एसयूव्ही घेऊन जाणार आहोत, चालेल का?

धुरळा | १३ ऑक्टोबर

चाकंच करतात. सैल मातीवर बारीकसा उंचवटा असला की चाक त्यावरून किंचित उडतं, पुढे आदळतं, तिथे माती दाबून पुढे ढकलतं. मागून येणारं चाकही तिथेच आदळतं. शेकडो गाड्यांनी तोच ठेका धरला की लाटा तयार. फार हळू चालणाऱ्या वाहनांनी होत नाहीत, थोडा वेग लागतो. काउंटी (स्थानिक प्रशासन) अधूनमधून रस्ता सपाट करायला ग्रेडर फिरवते, मग काही दिवस रस्ता लोण्यासारखा असतो. आपण जाऊ तेव्हा मात्र हमखास लाटाच असतात.

भाड्याच्या गाडीचं उत्तर काकूंना देऊ द्या, त्यांचा अनुभव दांडगा आहे.

चाकावरच्या_काकू | १३ ऑक्टोबर

दिलंच का नाव पुढे करून! बरं. शंकासुर, करार उघडा आणि 'अनपेव्हड' हा शब्द शोधा. बहुतेक भाडे कंपन्यांच्या करारात कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायची नाही असं लिहिलेलं असतं. नेली आणि काही झालं, तर तुम्ही काउंटरवर रोज इतके डॉलर मोजून घेतलेलं संरक्षण गळून पडतं. क्रेडिट कार्डवाल्या विम्यातही बऱ्याचदा हेच कलम असतं. एसयूव्ही आहे, जाहिरातीत ती डोंगरावर चढते, याला काडीची किंमत नाही. तिथून गाडी ओढून आणायचा खर्च चार आकड्यांत जातो. आम्ही तो भरलाय. कुठल्या कंपनीला, ते विचारू नका, चूक आमचीच होती.

एस्कलांटे आणि आजूबाजूला दिवसाच्या भाड्याने जीप देणारे आहेत, ते खास कच्च्या रस्त्यांसाठीच देतात. महाग पडतं. पण झोप लागते.

आडवाट्या | १४ ऑक्टोबर

काकू, ओढून आणायची वेळ का आली ते सांगा ना. तीच तर खरी गोष्ट.

चाकावरच्या_काकू | १४ ऑक्टोबर

सांगते. हा रस्ता नव्हे, त्याचा शेजारी: कॉटनवुड कॅनियन रोड, कॅननव्हिलपासून हायवे ८९ पर्यंत. साधारण ४६ मैल. ग्रोव्हनर आर्च त्याच रस्त्यावर आहे, जुळी कमान, बघण्यासारखी. सकाळी गेलो तेव्हा रस्ता इतका गुळगुळीत की हे म्हणाले, याला लोक ऑफरोड का म्हणतात?

दुपारी ढग आले. पाऊस म्हणावा तर दहा मिनिटं. तुमच्या अंगणात पडला असता तर वाळत घातलेले कपडेसुद्धा काढले नसते. पण तिथली माती बेंटोनाइटची चिकणमाती. पाणी लागलं की ती फुगते आणि साबण होते. टायरच्या नक्षीत ती भरली, चारही टायर गुळगुळीत झाले. सपाट रस्त्यावर, पाचच्या वेगाने, यांनी स्टिअरिंग डावीकडे धरलं होतं आणि गाडी सावकाश, अगदी अदबीने, उजवीकडच्या चरात जाऊन बसली. फोर व्हील ड्राइव्ह होती हो. चारही चाकं एकदम घसरली, एवढाच फरक.

उतरले तर प्रत्येक बुटाला दोन-दोन किलो चिखल. रात्र गाडीत काढली. दुसऱ्या दिवशी दहा-अकराला ऊन लागून वरची माती वाळली तेव्हा कुठे ओढणारा येऊ शकला. ओल्यात तोही येत नाही, हे लक्षात ठेवा. पाणी भरपूर होतं आणि चिवड्याचा डबा होता म्हणून भांडण झालं नाही.

आडवाट्या | १४ ऑक्टोबर

'अदबीने' वाचून ठसका लागला. पण मुद्दा लाखाचा. या भागातल्या रस्त्यांना सोपं, मध्यम, अवघड असे शिक्के मारतात ते सगळे कोरड्या दिवसाचे. ओला झाला की प्रश्न सोपा-अवघडचा राहतच नाही, रस्ता बंद. पाटी किंवा फाटक लावून कोणी बंद करत नाही, माती करते.

जुलै ते सप्टेंबर मान्सूनचे महिने. आपल्या डोक्यावर निळं आभाळ असतं आणि वीस मैलांवर स्ट्रेट क्लिफ्सच्या माथ्यावर कोसळत असतो. ते पाणी रस्त्याला आडव्या येणाऱ्या कोरड्या ओढ्यांतून खाली येतं. या रस्त्यावर असे ओढे मोजता येणार नाहीत इतके आहेत. लोंढा आला तर अलीकडे थांबायचं, डबा उघडायचा. बहुतेक वेळा काही तासांत ओसरतो. पाण्यातून गाडी घालायची नाही, कारण खालचा रस्ता जागेवर आहे की वाहून गेलाय ते वरून कळत नाही. आणि ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकणाऱ्यांना मी दोनदा उठवलंय. वाळू मऊ असते म्हणे.

शंकासुर | १५ ऑक्टोबर

ठरलं, जीप भाड्याने. आता गाईंचं सांगा. नकाशात बघितलं तर हा सगळा भाग नॅशनल मॉन्युमेंट, म्हणजे सरकारी संरक्षित क्षेत्र दाखवतो. मग आत गाई कशा?

गुराखी | १५ ऑक्टोबर

या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही म्हणून पहिल्यांदाच इथे लिहितोय.

वाळवंट म्हणून आपण ज्याला रिकामं समजतो ते गायरान आहे. सरकारी गायरान. एकोणिसाव्या शतकात इथे ज्याला वाटेल त्याने वाटेल तेवढी गुरं-मेंढ्या सोडल्या, गवत पार बोडकं झालं. मग १९३४ मध्ये टेलर ग्रेझिंग ॲक्ट आला. चराईला परवाने, ठरलेले पट्टे, जनावरांची ठरलेली संख्या. १९४६ मध्ये ग्रेझिंग सर्व्हिस आणि जनरल लँड ऑफिस एकत्र करून बीएलएम (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, सरकारी जमिनींचं खातं) झालं, तेच आज हा भाग सांभाळतं. ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे हे मॉन्युमेंट १९९६ मध्ये क्लिंटननी जाहीर केलं, पण आधीची चराई चालू ठेवली. २०१७ मध्ये ट्रम्पनी ते निम्म्याच्या जवळपास कापलं, २०२१ मध्ये बायडननी परत पूर्वीएवढं केलं. गाई दोन्ही वेळा तिथेच होत्या.

चराईचा दर ऐकून लोक चकित होतात: २०१९ पासून २०२५ पर्यंत एक गाय-वासरू, एक महिना, १.३५ डॉलर. राष्ट्राध्यक्षांच्या १९८६च्या आदेशानुसार याखाली जाता येत नाही, हाच तळ. खासगी कुरणाला याच्या कित्येक पट पडतात. यावर पर्यावरणवाले आणि रँचवाले यांचं जुनं भांडण आहे आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण स्वस्त म्हणून फुकटचं समजू नका. एकेका गाईला तिथे इतकी जमीन लागते की मालकाला दिवसभर पिकअपमधून पाणवठे आणि कुंपणं तपासत हिंडावं लागतं.

त्यामुळे आपण गाडी घेऊन जातो ते दुसऱ्याच्या कामाच्या जागेतून जातो. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर पार होऊन बंद करायचं. 'उघडं राहिलंय वाटतं, लावून टाकू' हा शहाणपणा नको. पलीकडच्या गुरांचं पाणी अलीकडे असू शकतं. पाण्याच्या हौदाजवळ गाडी लावून मुक्काम करू नका. माणसं दिसली की जनावरं पाण्यावर येत नाहीत, दुसरं पाणी कित्येक मैलांवर असतं.

आडवाट्या | १५ ऑक्टोबर

गुराखी, स्वागत. तुम्ही इतके दिवस होतात कुठे?

गुराखी | १५ ऑक्टोबर

वाचत होतो. गाईंवर धागाच निघत नव्हता.

कोरडवाहू | १६ ऑक्टोबर

रस्त्यात आडव्या लोखंडी नळ्या टाकलेल्या लागतात, कॅटल गार्ड, तिथे गाडी धडधडते. पहिल्यांदा मला वाटलं पुन्हा टायर गेला. खाली खड्डा असतो आणि नळ्यांमध्ये खूर अडकेल म्हणून गाई ओलांडत नाहीत, एवढं कळलं. पण काही ठिकाणी डांबरी रस्त्यावर नुसते पांढरे पट्टे रंगवलेले पाहिले, ते कशाला?

गुराखी | १६ ऑक्टोबर

त्याच कामाला. गाईला खोलीचा अंदाज नीट येत नाही, पट्टे म्हणजे तिला खड्डेच वाटतात. सगळ्या गाईंना कायम फसवता येत नाही, पण बऱ्याच फसतात.

कॅटल गार्डवर चढताना वेग कमी करा. दोन्ही टोकांना माती खचून पायरी तयार झालेली असते. टायरची भिंत कापली जायची ती नेमकी जागा. आणि रात्री चालवू नका. काळी अँगस गाय, काळा रस्ता, आणि तिला ऊब मिळते म्हणून ती रस्त्यावरच बसते. 'ओपन रेंज'ची (गुरं मोकळी चरतात अशी) पाटी असेल तिथे गाय मेली तर तिची भरपाई तुमच्याकडून मागितली जाऊ शकते.

धुरळा | १७ ऑक्टोबर

एक राहिलं. समोरून गाडी आली किंवा खळगा लागला की लोक बिनधास्त कडेला रानात गाडी घालतात. कडेची ती काळपट, खडबडीत, जळक्या पोळीसारखी दिसणारी माती जिवंत आहे. जिवाणू, दगडफूल, शेवाळ यांनी वाळूला धरून ठेवलेली साय. एकदा चाक गेलं की सुधारायला कित्येक दशकं लागतात, आणि तोवर वाऱ्याने ती वाळू उडत राहते. शिवाय तुमची चाकोरी बघून पुढचा तिथूनच जातो, मग एका रस्त्याचे तीन होतात. थांबायचं तर आधी कोणीतरी थांबलेल्या मोकळ्या जागीच थांबा.

शंकासुर | १७ ऑक्टोबर

आणि शेवटचे मैल? खुद्द 'होल' कसं आहे? कोणी पाहिलंय का?

आडवाट्या | १८ ऑक्टोबर

मी दोनदा. डान्स हॉल रॉकनंतर रस्ता हळूहळू बिघडत जातो आणि शेवटच्या सहा-सात मैलांत उघड्या खडकांच्या पायऱ्या लागतात. तिथे खरंच उंच गाडी आणि लो गिअर हवा. क्रॉसओव्हरवाल्यांनी गाडी लावून चालत जावं किंवा सोडून द्यावं.

शेवटी आहे काय, तर कड्यात एक फट. खाली निळंशार पाणी. पहिल्यांदा बघितल्यावर मला 'एवढंच?' असं वाटलं होतं. मग तिथल्या दगडावर बसून हिशेब केला. १८७९च्या नोव्हेंबरात सुमारे अडीचशे माणसं, ८३ गाड्या आणि हजारावर जनावरं घेऊन ते लोक सान हुआन नदीच्या बाजूला वस्ती करायला निघाले. अंदाज सहा आठवड्यांचा. या फटीपाशी आले तेव्हा ती माणूस जेमतेम उतरेल एवढी होती. मागे डोंगरात बर्फ पडून परतीची वाट बुजलेली. मग ती सुरुंगांनी रुंद केली. एका ठिकाणी कड्याला वाटच करता येईना, तर खडकात ओळीने भोकं पाडून ओकच्या मेखा ठोकल्या, त्यांवर फांद्या-दगड-माती टाकून बाहेरच्या चाकांसाठी फळी केली. आतली चाकं खडकात कोरलेल्या खोबणीत. २६ जानेवारी १८८० ला गाड्या उतरायला लागल्या. चाकं बांधून टाकलेली, मागून दोर धरून माणसं लोंबकळतायत. ब्लफला पोचले एप्रिलमध्ये. सहा आठवड्यांचे सहा महिने झाले, पण माणूस एकही दगावला नाही, उलट वाटेत मुलं जन्मली.

आपण ३६व्या मैलाला खडखडाटाला कंटाळतो.

चाकावरच्या_काकू | १८ ऑक्टोबर

त्यांच्या गाड्यांना टायर नव्हते म्हणून पंक्चर नाही.

शंकासुर | २३ एप्रिल

धागा वर काढतोय, कारण जाऊन आलो.

जीप घेतली. देणाऱ्यानेच हवा २४ करून दिली आणि गेज हातात ठेवला. खडखडाट होता, पण कोरडवाहूंनी लिहिलं तसा दात पाडणारा नव्हता. वीस-पंचवीसने गेलो, वळणावर त्याहून हळू. डेव्हिल्स गार्डन, मग ड्राय फोर्क. मुलीला स्पूकीतून बाहेरच यायचं नव्हतं. एक फाटक बंद होतं, पार होऊन बंद केलं. मुलगी मागे जाऊन दोनदा ओढून बघून आली.

साडेबाराला ३०व्या मैलाच्या आसपास स्ट्रेट क्लिफ्सवर ढग दिसले. पाऊस आमच्याकडे नव्हताच. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं, काकूंची अदब आठवली आणि गाडी वळवली. अडीचला गावात होतो. तीनला गावात चांगली सर आली. रस्त्यावर आली का, माहीत नाही.

डान्स हॉल रॉक राहिला. जीप परत देताना त्याने विचारलं कुठवर गेलात, सांगितलं. तो फक्त "बरं केलंत" म्हणाला आणि टायर बघायला खाली वाकला.

कोरडवाहू | २४ एप्रिल

मी नवीन टायर घातलेत, पंप घेतलाय. ऑक्टोबरात परत जातोय. कोण येतंय? दोन गाड्या असलेल्या बऱ्या.

गुराखी | २४ एप्रिल

मी येतो. पिकअप आहे, दोर आहे, जॅकखाली घालायची फळी पण आहे.

चाकावरच्या_काकू | २४ एप्रिल

चिवडा माझा.